टायटल क्लिअर करून देतो म्हणाला आणि खोटा हुकूमनामा हातात ठेवला

4,36,300 रुपये. आकडा आधीच लिहिते, कारण घरात अजूनही मी तो पूर्ण उच्चारत नाही. नातेवाइकांना "दोनेक लाख गेले" असं सांगितलंय. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. ज्यांच्या प्लॉटचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, अडकलंय आणि ज्यांना एखादा "सल्लागार" भेटलाय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

जमीन घेताना आम्ही आंधळेपणा केला नव्हता. 2019 मध्ये चार गुंठ्यांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट 18,40,000 ला घेतला. राहायला नाही, मुलीच्या पुढच्या शिक्षणाच्या वेळी विकता यावा म्हणून. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला होता. सातबारा स्वच्छ होता, त्यातल्या "इतर हक्क" रकान्यात एक शब्द नव्हता. विकणारे दोघे सख्खे भाऊ, दोघांनीही खरेदीखतावर सह्या केल्या. यापेक्षा जास्त माणसानं काय बघायचं, असं तेव्हा वाटलं होतं. आता कळतं की सर्च रिपोर्ट बघतो फक्त नोंदणी झालेले दस्त. आमची खोट नोंदणी कार्यालयात नव्हतीच, ती एका जुन्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीत, होती.

2022 च्या उन्हाळ्यात 27,50,000 ला गिऱ्हाईक मिळालं. त्यांच्या वकिलानं तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढले आणि 1997 ची वारस नोंद समोर आली. बाप वारल्यावर दोन मुलांची नावं लागली होती, आणि दोन मुलींबद्दल एकच ओळ होती: "बहिणींनी हिस्सा नको असल्याचा जबाब दिला." बस. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही, काही नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबानं सुटत नाही, त्याला नोंदणी लागते, हे नोंदणी कायद्याचं कलम 17 मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गिऱ्हाइकानं वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि 19 ऑगस्ट 2022 ला थोरल्या बहिणीकडून लेखी हरकत आली. सौदा मोडला. टोकनचा एक लाख परत करावा लागला. विकणाऱ्या भावांना फोन केला तर उत्तर आलं, "खरेदीखत दिलंय ना, आता तुमचं तुम्ही बघा."

ही 19 ऑगस्टची तारीख लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

त्याच काळात तो भेटला. एका सहकारी बाईंच्या ओळखीतून आला, म्हणजे रस्त्यावरून उचललेला नव्हता. स्वतःला वकील म्हणवत नव्हता, "जमिनीच्या कामांचा सल्लागार" म्हणायचा, आणि सोबत एक "वकीलसाहेब" होते. बोलणं इतकं बरोबर होतं की संशयाला जागाच नव्हती. बहिणींचा हक्क, नुसत्या जबाबाला किंमत नसणं, 2005 ची वारसा कायद्यातली दुरुस्ती, 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा मुलींच्या जन्मसिद्ध हक्काचा निकाल, हे सगळं त्यानंच मला समजावलं, आणि त्यातलं काहीही चूक नव्हतं. म्हणून सांगते, कायदा माहीत असणं ही प्रामाणिकपणाची खूण नाही. मग म्हणाला, "ताई, घोषणेचा दावा लावायचा, म्हणजे मालक तुम्हीच असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं, बहिणी हजर राहत नाहीत, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा कागद, घ्यायचा, तो तलाठ्याकडे द्यायचा. आठ महिने. काम नाही झालं तर अर्धी फी परत." वकिलांना निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. निकालाची हमी देणारा माणूस वकील नसतो किंवा वकील म्हणवून घ्यायच्या लायकीचा नसतो.

पैसे असे गेले. सप्टेंबर 2022 मध्ये फाईल उघडायला 21,000 रोख. वकील फीचा पहिला हप्ता 1,25,000, तोही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर, कारण "माझं खातं सध्या ऑडिटमध्ये आहे". कोर्ट फी 38,600 रोख. बहिणींना समन्स लागू होत नाही म्हणून वर्तमानपत्रात जाहीर समन्स द्यायला 17,500, हे फोनवरून पाठवले. बहिणींची "समजूत काढायला" 1,50,000 रोख. हुकूमनामा निघताना 75,000 बँकेतून. नकलांचे 9,200 रोख. बँकेतून गेले 2,17,500 आणि रोख गेले 2,18,800. रोख रकमेची एकही पावती माझ्याकडे नाही. मागितली होती. "ताई, विश्वास नाही का?" म्हणाला, आणि मी गप्प बसले.

75,000 बद्दल लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. त्यानं उघड काही सांगितलं नव्हतं, "आतून लवकर हलवायला लागतं" एवढंच म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मला अर्थ कळला होता आणि कळला नाही असं मी स्वतःला समजावलं. ते पैसे कुठेच गेले नव्हते, त्याच्याच खिशात होते. पण पुढे तक्रार करायला गेले तेव्हा ह्याच रकमेनं माझं तोंड बांधून ठेवलं, आणि त्यांना हवं असतं तेच. अशा कामात तुम्हाला अर्धवट गुन्हेगार करून ठेवतात, म्हणजे तुम्ही ओरडत नाही. कोणी "आतल्या" खर्चाचं नाव काढलं की त्याच मिनिटाला उठा.

आता ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही ती सांगते.

मी तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. पालकांच्या अर्जावर सही नसली तर अर्ज परत करायचे. दाखल्यावरचा शिक्का पुसट असला तर नवीन आणा म्हणायचे. कागद कसा तपासायचा हे मला शिकवावं लागत नाही. आणि ह्या सगळ्या प्रकरणात मी सही केली ती फक्त एका कोऱ्या वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर. एकदाच. दाव्यावर माझी सही नाही. दावा वादीला सही करून, मजकूर खरा असल्याचं सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र जोडून दाखल करावा लागतो. समोरचे हजर नसले आणि निकाल एकतर्फी लागला तरी वादीला आपल्या पुराव्याचं शपथपत्र द्यावं लागतं. मी कुठलंच शपथपत्र दिलं नाही, कुणापुढे शपथ घेतली नाही, कोर्टाची पायरी चढले नाही. आणि तरी माझ्या नावानं निकाल आला. जिच्या शब्दावर कोर्टानं निकाल दिला म्हणतात, ती बाई कोर्टात कधी बोललीच नाही! हे मला दिसायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या फाईलमध्ये मला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

खरं तर मी विचारलं होतं. 2023 च्या फेब्रुवारीत फोनवर म्हटलं, "मला तारखेला यायला लागेल का?" तो म्हणाला, "छे ताई, तुम्ही कशाला? तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागतं, पुकारा होईपर्यंत हलता येत नाही. मी आहे ना." आणि मला हायसं वाटलं. आई तेव्हा दवाखान्यात होती, रात्री मी तिच्याजवळ झोपायचे, दिवसा घर. कोर्टात जावं लागणार नाही ह्याचा मला आनंद झाला. तो आनंद मी विकत घेतला. नवरा दोनदा म्हणाला, "चल, एकदा कोर्टात जाऊन फाईल बघून येऊ." मीच त्याला म्हटलं की वकिलाला अपमान वाटेल. त्यानंतर तो ह्या विषयावर काही बोलला नाही, अजूनही बोलत नाही, आणि त्याचं न बोलणंच जास्त लागतं.

बाकीच्या खुणाही होत्या. जाहीर समन्सचं फक्त कात्रण मोबाईलवर आलं, पूर्ण अंक कधी मिळाला नाही. पूर्ण अंकच मागा, तारखेसह. वकीलसाहेब मला दोनदा भेटले, दोन्ही वेळा कोर्टाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, काळ्या कोटात. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कोट कुणीही घालू शकतो.

आणि सीएनआर क्रमांक. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरं-अंकांचा असा एक क्रमांक मिळतो, महाराष्ट्रातल्या कोर्टांचा "एमएच" नं सुरू होतो. ई-कोर्ट्सचं अॅप फुकट आहे. क्रमांक टाकला की पक्षकारांची नावं, पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, सगळं दिसतं. मला दीड वर्षात फक्त दावा क्रमांक आणि वर्ष सांगितलं होतं. सीएनआर मागितला की "सिस्टीमला अजून चढला नाही" असं उत्तर. तो क्रमांक मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि मिळाला की त्याच्या नाही, स्वतःच्या मोबाईलवर तपासा.

एप्रिल 2024 मध्ये हुकूमनामा हातात आला. चार पानं, निळा गोल शिक्का, "सत्यप्रत" असा दुसरा शिक्का, नक्कल अर्जाची तारीख, नक्कल दिल्याची तारीख, सगळं जागच्या जागी. त्यात बहिणींचा कोणताही हक्क नाही असं ठरवलेलं. मी तो देवापुढे ठेवला. हे लिहिताना हात थरथरतोय.

आईच्या आजारपणात काही महिने तसेच गेले. मग मी स्वतः तो तलाठ्याकडे दिला. फेरफार नोंद धरली, पंधरा दिवसांची नोटीस निघाली आणि थोरल्या बहिणीच्या मुलानं हरकत घेतली. तक्रारी नोंद झाली. 27 नोव्हेंबर 2024 ला मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. त्या दिवशी सल्लागाराचा फोन बंद, वकीलसाहेबांचाही बंद. मी एकटी गेले. समोरच्यांच्या वकिलानं एक छापील कागद पुढे केला, ई-कोर्ट्सवरचा. माझ्या हुकूमनाम्यावरचा दावा क्रमांक खरा होता, पण तो होता घरमालक आणि भाडेकरूचा, आणि अजून चालू होता. मंडळ अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा कागद तुम्ही आणलात ना?"

तिथेच थोरली बहीण बसली होती, सत्तरीच्या पुढची. सुनावणीनंतर मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं की दीड लाख मिळाले होते ना. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला कोण देईल गं दीड लाख? मला कुणी भेटलंच नाही." 1997 च्या त्या जबाबाबद्दल विचारलं तर म्हणाली, "मी काही बोललेच नव्हते, भावानं सांगितलं तेच लिहिलं." तिचाही हक्क एका ओळीत खाल्ला गेला होता. मी तिच्याच विरुद्ध खोटा कागद घेऊन उभी होते.

नक्कल विभागात जाऊन चौकशी केली. अशी नक्कल दिलीच नाही, एवढं तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणे तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नाही, तुम्हाला माहिती कशी द्यायची? ज्या दाव्याच्या नावानं मला लुटलं, त्यात मी पक्षकार नाही हाच तर माझा मुद्दा होता!

मग पोलीस. पहिल्या दिवशी उत्तर: "जमिनीचा वाद आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, "साहेब, जमिनीचा वाद नाही, खोट्या हुकूमनाम्याचा आहे." "तेच ते." दुसऱ्या दिवशी: "पैसे कुठे दिले? घरी? मग तुमच्या घराच्या हद्दीतल्या ठाण्यात जा." त्या ठाण्यात: "कागद कुठे दिला? तहसीलला? मग तिकडे जा." दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावी लागते, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये सरळ लिहिलंय. मी ते कलम छापून नेलं. हवालदारानं कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. चौथ्या फेरीत एक नवा प्रश्न निघाला: पैसे 2022 ते 2024 मध्ये दिले, मग जुना भारतीय दंड विधान लावायचा की 1 जुलै 2024 पासूनची न्याय संहिता? ह्यावर तासभर चर्चा झाली आणि ती संपल्यावर मला दोन दिवसांनी या म्हणाले. गुन्हा घडला तेव्हाचा कायदा लागतो, इतकं साधं उत्तर माझ्या आताच्या वकिलानं एका वाक्यात दिलं.

पुढच्या फेरीत साहेब म्हणाले, "कोर्टाचा खोटा कागद आहे ना, मग तक्रार कोर्टानं करायला पाहिजे." पुन्हा कोर्टात. तिथे: "कोर्टासमोर दाखल झालेला कागद नाही, पोलिसांकडे जा." आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं की रक्कम लहान आहे. माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम लहान आहे! बार कौन्सिलकडे तक्रार पाठवली तर कळलं की त्या नावाचा वकील पटावरच नाही, म्हणजे त्यांचा संबंध संपला. आणि एका अधिकाऱ्यानं मला अगदी शांतपणे विचारलं, "बाई, खोटा दस्त सरकारी कार्यालयात सादर तुम्हीच केलात ना? तुमच्यावरच गुन्हा दाखल केला तर?" मी त्या रात्री झोपले नाही. त्या सल्लागाराला शोधायला एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही आणि माझ्यावर मात्र गुन्ह्याची भाषा! एवढी वर्षं नोकरी केली, वेळेवर कर भरला, कुणाचं पाच पैशाचं नुकसान केलं नाही, आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर मला चोरासारखं बसवलं. अकरा फेऱ्या मोजल्यात मी. सातव्या फेरीपर्यंत माझ्या अर्जावर आवक क्रमांकही पडला नव्हता. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा" म्हणाले तर ठेवू नका.

शेवटी नव्या वकिलांनी सांगितल्यावर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज केला, तिथूनही उत्तर नाही, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली, पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून अर्ज. तो प्रलंबित आहे. हा मार्ग मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितला असता तर सहा महिने वाचले असते.

आणि इथे ती 19 ऑगस्ट 2022 परत येते. घोषणेचा दावा लावायला मुदत तीन वर्षं, हक्क पहिल्यांदा नाकारला गेल्यापासून. बहिणीची हरकत आली तेव्हापासून काळ मोजला जाणार, म्हणजे 19 ऑगस्ट 2025 पर्यंत. पैसे गेले त्याहून मला ह्याची जास्त धडकी भरली. खोट्या दाव्याच्या भरवशावर मी शांत बसले होते आणि खऱ्या दाव्याची मुदत संपत चालली होती. फसवणारा पैसेच नेत नाही, तो तुमचा काळ नेतो. खरा दावा 6 ऑगस्ट 2025 ला दाखल झाला. तेरा दिवस उरले होते.

नव्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं, "जिंकाल असं मी सांगणार नाही. भाऊ स्वतःच्या हिश्शापुरतंच विकू शकतात. बहिणींचा हिस्सा खरेदीखतानं तुमच्याकडे येत नाही, आणि सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. तडजोडीचा प्रयत्न करू, नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेऊ किंवा तडजोडीचा हुकूमनामा. नाही जमलं तर लढू, सोबत विकणाऱ्या भावांकडे खरेदीखतातल्या हमीवर बोट ठेवू." ऐकायला वाईट वाटलं. पण दाव्याचं प्रत्येक पान त्यांनी मला वाचून दाखवलं, प्रत्येक पानावर माझी सही घेतली, फी चेकनं घेतली, पावती दिली, कोर्ट फीच्या ऑनलाइन चलनाची प्रत दिली. दाव्याचा क्रमांक पडला त्याच संध्याकाळी सीएनआर पाठवला. मी तो टाकला. माझं नाव आलं. मी रडले.

मध्यस्थीची पहिली बैठक झाली. दोन्ही बहिणींच्या बाजूनं मिळून चार लाख मागितलेत, हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला तयार आहेत. 2022 मध्ये मी सरळ थोरल्या बहिणीच्या दारात गेले असते तर कदाचित ह्याहून कमीत झालं असतं. तेवढे पैसे तेव्हा माझ्याकडे होते. आता सोनं मोडायचं की मुलीच्या शिक्षणाच्या कर्जात वाढ करायची, एवढाच प्रश्न उरलाय.

जमीन घेणाऱ्यांनो, सातबारा बघून समाधान मानू नका. त्यावर जेवढे फेरफार क्रमांक आहेत तेवढे सगळे काढा, जुने हस्तलिखितसुद्धा, आणि प्रत्येक वारस नोंदीत मुलींचं काय झालं ते वाचा. "जबाब दिला", "हक्क नको", "तोंडी वाटप" असे शब्द दिसले की थांबा. दावा चालू असेल तर तो सर्चमध्ये दिसेलच असंही नाही. आपल्या राज्यात दाव्याची नोटीस वेगळी नोंदवावी लागते, ती नोंदवली नसेल तर नोंदणी कार्यालयात काहीच सापडत नाही. म्हणून ई-कोर्ट्सवर विकणाऱ्यांची नावं टाकूनही शोधा.

त्या सल्लागाराचा नंबर ह्या महिन्यात पुन्हा सुरू झालाय. माझ्या एका ओळखीच्या बाईंना त्यानं परवा फोन केला, त्यांच्या भावाच्या जमिनीवर कुळाचं नाव आहे, ते काढून देतो म्हणाला. आठ महिन्यांत. मी ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन बाराव्यांदा पोलीस ठाण्यात गेले. साहेब बंदोबस्ताला गेले होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन आले.